बीड

उद्यमनगरात पिस्टन-रिंगांच्या दुकानावर
जिना चढून आलं की माझा वर्ग.
साडेसातला भरतो,
लाइट गेली की सुटतो.

आज फळ्यावर :
स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट.
खाली माझ्या तिरप्या अक्षरात अर्थ,
लोखंड तापलंय तोवर घाव घाला.
वापर : नोकरी, सौदा, लग्नाची बोलणी.
आपल्यात म्हणतात, मी सांगितलं,
तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्या.

शमा बागवान म्हणाली,
"पण मॅडम, पोळी भाजून घेणारा माणूस
आपल्यात वाईट असतो ना?"

असतो.
खडू झटकत राहिले थोडा वेळ.
अकरा वर्षं हेच शिकवतेय
आणि कधी डोक्यात आलं नव्हतं,
की ज्या घाईला तिकडं शाबासकी
तिच्याकडं इकडं बोट दाखवतात.

मग रंगराव लोहार उठले.
फौंड्रीत मोल्डर, वय बावन्न.
जर्मनीचं गिऱ्हाईक यायला लागलं म्हणून
मालकानं धाडलंय, चार शब्द शिकून या.
उठताना बाक सरकतो, त्याचीही माफी मागतात.

"मॅडम, लोखंड कंचं?"
कंचं म्हणजे?
"न्हाई, माझा आज्जा गारगोटीकडं ऐरणीवर असायचा.
त्येचं लोखंड येगळं. तापलं की हाणायचं,
गार झालं की ऐकत न्हाई.
ह्ये वाक्य त्येचं.
आमचं बीड.
तापल्या बिडावर घाव घातलासा तर भुगा हुतोय.
वतायचं आनि गप बसायचं.
खोका लौकर फोडला, गार वारं लागलं,
की पांढरं पडतंय बगा.
दिसायला झ्याक.
पन ड्रिल लागत न्हाई त्येला.
बिट मोडतंय, ते न्हाई.
मग परत भट्टीतच."

वर्ग हसला. मीही हसले,
आणि त्या हसण्यातच
आप्पांच्या तेराव्याचा दुसरा दिवस
समोर येऊन बसला.

मांडव अजून सोडला नव्हता.
धाकटा भाऊ स्टॅम्पपेपर घेऊन आला,
मागं वकील, चपला दारात काढत.
"ताई, सगळे इथंच आहेत तोवर उरकून घेऊ."
हक्कसोडपत्र.
पेन त्याचंच. टोपण काढूनच दिलं त्यानं.
डोळे वाहत होते तरी सही नीट केली,
आडनावासकट. सासरच्या.

पाच वर्षं झाली.
राखीला जाते, तो साडी देतो,
साडी चांगली असते.
आम्ही गुळाचे दर बोलतो, त्याच्या पोराची सीईटी,
रंकाळ्यावरची गर्दी.
त्या सहीशी आलं
की कुठलंच बिट लागत नाही.

फळ्यावर अर्थाखाली एक ओळ वाढवली,
आधी धातू विचारा.
मग पुसली. परीक्षेत येणार नाही.
गृहपाठ : वाक्यात उपयोग करा.

सोमवार सुट्टीचा. मंगळवारी वह्या आल्या.
शमाची मुलाखत,
दोघांचं जसंच्या तसं गाइडमधलं,
आणि रंगरावांच्या वहीत, एक रेघ सोडून,
शाळेतल्यासारखं मोठं अक्षर :
व्हाइल द आयर्न वॉज हॉट, आय ड्रँक टी.
खाली पेन्सिलनं, जरा संकोचून :
टू टाइम्स.

व्याकरण बरोबर.
अर्थ, पुस्तकाप्रमाणं, चूक.

लाल पेन उघडून बसले.
खाली रिंगांच्या दुकानाचं शटर पडलं.
पलीकडच्या शेडमध्ये कालची खोकी
आत्ता कुठं उघडत होते,
करपल्या वाळूचा वास जिना चढून आला.

पेनला टोपण लावलं.
उद्या तपासू.